जेथे पाऊल रेंगाळते

गेली अठ्ठावीस वर्षे मी मुलुंडास राहतो, आणि या काळात सायंकाळी फिरावयास कोठे जावे हा प्रश्न माझ्यापुढे जितक्या वेळा उभा राहिला, तितक्या वेळा संसारातला अन्य कोणताही प्रश्न उभा राहिला नसेल. मी येथे बिऱ्हाड केले तेव्हा आमच्या रस्त्यावर दुमजली घरे होती, ओट्यांवर बसलेली माणसे होती आणि वाण्याच्या दुकानापुढे एक गुळगुळीत झालेले बाकडे होते. पुढे एकेक घर पडत गेले, त्या जागी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती आल्या, त्यांच्या तळाशी मोटारी ठेवण्याचे मजले आले आणि त्या सर्वांभोवती पुरुषभर उंचीच्या भिंती आल्या. आता त्या रस्त्याने चालणे म्हणजे एका भिंतीच्या आरंभापासून दुसऱ्या भिंतीच्या अखेरीपर्यंत जाणे. त्यात व्यायाम होतो, विहार होत नाही.

एके वैशाखात अशाच एका भिंतीपलीकडे बहावा फुलला होता. त्याचे पिवळे घोस पाहत मी फाटकाशी क्षणभर उभा राहिलो, तोच पहारेकरी वही घेऊन बाहेर आला आणि अदबीने म्हणाला, "काका, कोणाकडे जायचंय?" त्याचा काहीच दोष नव्हता, हे विचारणे हेच त्याचे काम. पण मला कोणाकडेच जावयाचे नव्हते, आणि कोणाकडेच जावयाचे नसलेल्या मनुष्याला आपल्या घरापासून शंभर पावलांवर उभे राहावयास जागा उरली नाही, ही गोष्ट त्या सायंकाळी मनात जी रुतली ती अजून निघालेली नाही. त्या दिवसापासून, ज्या वस्तीत हा प्रश्न कोणी विचारत नाही अशा वस्त्यांचा शोध घेण्याचा मला छंद जडला. हा लेख त्या छंदाचे फळ आहे.

प्रथम शोधाची रीत सांगतो, कारण उपनगरातल्या कोणासही ती आपापल्या ठिकाणी वापरता येईल. घरापासून लोकलने तासाभरात पोहोचता येईल आणि स्थानकातून बाहेर पडताच रिक्षा न करता पायीच लागता येईल, अशी वस्ती पाहावी. तेथील गल्ल्या आखूड असाव्यात, म्हणजे दर पन्नास-साठ पावलांवर वळण येते आणि पुढे काय असेल हे कुतूहल जागे राहते. तळमजल्यावर लहान लहान दुकाने असावीत आणि दुकानदार गल्ल्यावर स्वतः बसणारा असावा. डोक्यावर झाडांचे छत्र असावे, टेकावयास कट्टा असावा, आणि एखादे ग्रंथालय, नाट्यगृह वा देऊळ असे असावे की ज्याच्यामुळे दिवेलागणीनंतरही माणसांची ये-जा सुरू राहते. या साऱ्याचा अर्क एकाच कसोटीत उतरतो: तेथे विनाकारण थबकता आले पाहिजे. पादचाऱ्यांसाठी लोक पदपथाची रुंदी मोजतात, ती अवश्य मोजावी. पण चालण्याजोगी वस्ती ती, जेथे थांबता येते, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे.

या कसोटीवर मुलुंडकरास सर्वांत निकटची वस्ती म्हणजे एका स्थानकावरचे ठाणे. १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी जेथे येऊन थांबली ते हे गाव. स्थानकाच्या पश्चिमेस उतरून मासुंदा तलावाकडे, म्हणजे ठाणेकरांच्या तलावपाळीकडे, चालत जावे. तलावाला प्रदक्षिणा घालताना कौपिनेश्वराचे देऊळ लागते, गडकरी रंगायतन लागते आणि पाण्यावरून येणारा वारा लागतो, जो उपनगरात पैसे देऊनही मिळत नाही. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने येथे कचेऱ्या, दप्तरे आणि त्यांच्या आधाराने वाढलेली खाद्यसंस्कृती आहे. मामलेदार कचेरीपाशी विकली जाणारी मिसळ त्या कचेरीचेच नाव धारण करून प्रसिद्ध झाली. मुलकी खात्याच्या हुद्द्याला असा लोकमान्य सन्मान अन्यत्र क्वचितच लाभला असेल. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालयही याच गावचे. पुस्तक बदलून आणावे, तलावाला एक फेरी घालावी, राम मारुती रस्त्याने दुकाने पाहत परतावे, ही माझी आठवड्यातील ठरलेली एक सायंकाळ.

ज्यांचे घर पश्चिम रेल्वेच्या बाजूस आहे त्यांनी पूर्व पार्ल्यास जावे. १९२१ सालचे पार्ले टिळक विद्यालय आणि त्यानंतर दोनच वर्षांनी उभा राहिलेला लोकमान्य सेवा संघ यांच्यामुळे त्या वस्तीला जे वळण लागले ते तेथील गल्ल्यांतून अजून जाणवते. दादरच्या पश्चिमेस शिवाजी पार्क आहेच. १९२५ साली सार्वजनिक झालेल्या या मैदानाला दोन वर्षांनी महाराजांचे नाव मिळाले, आणि त्याच्या कडेचा अखंड कट्टा हा मुंबईतील थबकण्याच्या कलेचा सर्वांत लांब शिलालेख होय. गिरगावातील खोताची वाडी मात्र गर्दी करून पाहू नये. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे आहेत. तेथे दोघांनी जावे, हळू बोलावे आणि कोणाच्या खिडकीत डोकावू नये. या प्रत्येक स्थळावर स्वतंत्र लेख होईल. मला मात्र आता माझ्या आवडीच्या ठिकाणी जावयाची घाई झाली आहे.

ते ठिकाण म्हणजे माटुंगा, आणि माटुंग्यापासून पाच उद्यानांवरून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंतचा दीड-दोन मैलांचा टापू.

थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे, तो एका दमात सांगतो. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ आली; दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या चाळींत ती पसरली; सरकारने १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला; आणि शहराच्या उत्तरेकडील शेते, वाड्या व दलदल संपादून त्या ट्रस्टाने दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत मोजणी करून, नकाशे काढून, रस्ते, मोकळ्या जागा आणि घरांचे भूखंड आखले. १९३३ साली ट्रस्टाचे काम महापालिकेकडे गेले. साथीच्या भयातून जन्मलेल्या या आखणीने घरांना वारा दिला, आणि त्या वाऱ्याबरोबर चालणाऱ्यालाही वाट दिली, एवढेच येथे पुरे.

माझी आणि माटुंग्याची गाठ पावसाने घालून दिली. बऱ्याच वर्षांपूर्वी श्रावणात कचेरीतून घरी परतत असता शिवेजवळ रुळांवर पाणी आले आणि गाडी माटुंगा स्थानकातच उभी राहिली. तासभर वाट पाहून, धीम्या गाड्यांशिवाय जेथे काही थांबत नाही अशा त्या स्थानकावर मी प्रथमच उतरलो आणि पूर्वेच्या बाहेर पडलो. पावसाची सर नुकतीच सरली होती. समोर ओळीने फुलांची दुकाने होती, ओल्या गोणपाटावर मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या राशी होत्या, मागे उभी हिरवी केळीची पाने गड्ड्या बांधून ठेविली होती, आणि जवळच कोठे तरी भाजलेल्या कॉफीच्या बिया दळल्या जात होत्या. भिजलेली फुले आणि ताजी दळलेली कॉफी यांचा तो संमिश्र गंध ज्याने एकदा घेतला, त्याला माटुंग्याचा पत्ता पुन्हा विचारावा लागत नाही.

फुले विकणाऱ्या त्या स्त्रियांचे काम मी नंतर कित्येकदा शेजारी उभा राहून पाहिले आहे. दोन कळ्या एका बाजूस, दोन दुसऱ्या बाजूस, त्यांवर बोटाने धाग्याचा एक फास आणि लगेच पुढल्या चार कळ्या. दृष्टी गिऱ्हाइकाकडे आणि बोटे आपल्या उद्योगात. धागा पुष्कळदा केळीच्या सोपटाचा, पाण्यात भिजविलेला असतो, म्हणजे कळीच्या देठाला इजा होत नाही. माळ मोजावयास फूटपट्टी नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. त्याला तामिळ भाषेत मुळम म्हणतात. "ताई, एक मुळम की दोन?" असे माझ्या पत्नीस प्रथम विचारण्यात आले तेव्हा ती गोंधळली. त्या मावशींनी स्वतःच्या कोपरापाशी माळेचे टोक धरून माप दाखविले, आणि मापाच्या पुढे चार बोटे माळ अधिक सोडूनच धागा तोडला. ते चार बोटांचे अधिक माप हा त्या बाजाराचा अलिखित कायदा आहे. आम्ही तेथून जेव्हा जेव्हा फुले घेतली, तेव्हा तेव्हा तो पाळला गेला आहे.

माटुंग्यास दक्षिणेकडील मंडळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोकरीच्या निमित्ताने आली. कारकुनी, टंकलेखन, हिशेब आणि रेल्वे यांत त्यांनी नाव मिळविले, आणि स्थिर होताच देवळे, शाळा व गायनसभा उभारल्या. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ सालची. पुढे किंग्ज सर्कलजवळ षण्मुखानंद सभागृह झाले ते १९६३ सालचे. या मंडळींच्या भोजनाची सोय करणाऱ्या खाणावळींपैकी रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली सुरू झाले आणि आजही स्थानकालगत केळीच्या पानावर जेवू घालीत आहे. त्याहून दोन वर्षांनी वडील असलेल्या कॅफे मद्रासपुढे सायंकाळी पदपथावर माणसे नाव नोंदवून उभी असतात. ती प्रतीक्षाही मला आवडते, कारण त्या अर्ध्या तासात शेजारी उभ्या असलेल्या अपरिचित कुटुंबाशी हटकून बोलणे होते.

कॉफीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पितळेच्या वा स्टीलच्या गाळणीपात्रात वरच्या भागी पूड घालून तिच्यावर कढत पाणी ओततात आणि तो काढा थेंबाथेंबाने खाली उतरू देतात. या कामी घाई चालत नाही. मग त्यात उकळते दूध मिसळून तो पेला पसरट वाटीत, म्हणजे डवऱ्यात, ठेवून पुढे येतो. वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत हातभर उंचीवरून कॉफी ओतली की तिच्यावर फेस चढतो व ती पिण्याजोगी निवते. पूड विकणारा दुकानदार चिकोरी किती घालू हे विचारतो आणि उत्तर ऐकून गिऱ्हाइकाची पारख करतो. मी प्रथम "तुम्हाला योग्य वाटेल तेवढी" असे म्हणालो, तेव्हा त्याने पाच मिनिटे थांबवून मला ऐंशीस वीस या प्रमाणाचे तत्त्व समजावून दिले, आणि मागे चार गिऱ्हाइके उभी असताही त्यांतील एकानेही कुरकुर केली नाही.

परंतु माटुंग्यावरील माझ्या प्रेमाचे खरे कारण फुले नव्हेत आणि कॉफीही नव्हे. ते तेथील रस्त्यांच्या नावांत आहे. स्थानकापासून किंग्ज सर्कलपर्यंतच्या टापूत भाऊ दाजी रस्ता आहे, तेलंग रस्ता आहे, भांडारकर रस्ता आहे, चंदावरकर रस्ता आहे. पाट्या मराठीत आहेत, नावे परिचयाची आहेत, आणि म्हणूनच कदाचित कोणी त्या वाचीत नाही. एके सायंकाळी त्या ओळीने वाचताना माझ्या ध्यानी आले, की एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या विद्वत्तेचा एक अध्यायच येथे जमिनीवर मांडून ठेविला आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड हे वैद्य. त्यांनी महारोगावर औषध शोधण्यासाठी परिश्रम केले आणि उरल्या वेळात शिलालेख वाचले, नाणी जमविली, कालिदासाचा काळ निश्चित करण्याचा यत्न केला. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तेविशीत असताना, रामायण होमराच्या काव्यावरून रचले गेले या युरोपीय तर्काचे खंडन केले. १८८२ साली भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू होऊन १८९३ साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, निवर्तले. त्यांच्यामागून कुलगुरुपदी आले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर, दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचे कर्ते, ज्यांच्या नावाची संशोधनसंस्था पुण्यास १९१७ पासून उभी आहे. नारायण गणेश चंदावरकर हेही न्यायाधीश, तेही कुलगुरू, आणि १९०० साली लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष. भांडारकर आणि चंदावरकर दोघेही प्रार्थना समाजाचे धुरीण.

ज्या वस्तीत तामिळ, कन्नड, मलयाळम, गुजराती आणि कच्छी या भाषा मराठीच्या जोडीने रात्रंदिवस कानी पडतात, तेथील रस्त्यांना ही नावे असावीत यात मला मोठे औचित्य दिसते, कारण या विद्वानांचे कुतूहल एका प्रांतापुरते वा एका भाषेपुरते नव्हते. तेव्हापासून मी तेलंग रस्त्यावरून जाताना गीतेवरील त्यांच्या परिश्रमाचे स्मरण करतो आणि वळण घेऊन भांडारकर रस्त्यावर येताना कुलगुरुपदाची ती १८९३ सालची वाटचाल माझ्या पायांखालून गेल्यासारखी वाटते. माझ्या नातवास ही नावे मी चालता चालताच शिकविली. पुस्तकातून शिकविली असती तर ती त्याच्या स्मरणात राहिली नसती.

किंग्ज सर्कल, म्हणजे आजचे माहेश्वरी उद्यान, डावीकडे ठेवून दक्षिणेस वळले की थोड्याच वेळात पाच उद्याने लागतात. रस्त्यांनी विभागलेल्या या पाच हिरव्या तुकड्यांना मंचेरजी जोशी यांचे नाव आहे. हे पारशी अभियंते; मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांना परवडतील अशी घरे व्हावीत म्हणून त्यांनी ट्रस्टाकडे अर्ज-विनंत्या करून १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी वसविली. मुंबईतल्या इतर पारशी वसाहतींना, ज्यांना बाग म्हणतात, भिंत आणि दरवाजा असतो. या कॉलनीला तो नाही. सार्वजनिक रस्ते तिच्यातून जातात आणि त्या रस्त्यांवरून कोणीही जाऊ शकतो. जुन्या इमारती दोन-तीन मजल्यांच्या, लोखंडी नक्षीच्या सज्जांच्या, आणि सज्जात सायंकाळी आरामखुर्ची टाकून बसलेले वृद्ध दांपत्य खालून जाणाऱ्या अपरिचितालाही हात वर करून अभिवादन करते. भिंत नसल्याने ही वस्ती असुरक्षित झाली काय? माझ्या पाहण्यात उलटच आले. ज्या रस्त्यावर पन्नास सज्ज्यांचे डोळे आहेत, त्याला पहारेकऱ्याच्या वहीची गरज पडत नाही.

येथले पर्जन्यवृक्ष पाहावयास सूर्यास्ताच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे. दुपारी ज्यांची पाने छत्रीसारखी पसरलेली असतात त्या महावृक्षांची पर्णदले सायंप्रकाश मंदावू लागताच जोडीजोडीने मिटू लागतात. ती क्रिया दिसत नाही, पण बाकावर स्वस्थ बसले की थोड्या वेळाने वर आभाळ मघापेक्षा अधिक दिसू लागते, आणि मग कळते की पाने निजली. मी हे शेकडो वेळा पाहिले असेल; अद्याप मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

पारशी कॉलनीतून हिंदू कॉलनीच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत आले की आवाज बदलतात; पियानोच्या जागी तंबोरा आणि केकच्या जागी फोडणी. येथेच राजगृह आहे. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव धारण करणारे हे घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथांना पुरेशी जागा व्हावी म्हणून बांधिले, आणि रमाबाईंचे देहावसान १९३५ साली येथेच झाले. मनुष्याने घर बांधावे ते पुस्तकांचा विचार करून, ही कल्पनाच मला इतकी उदात्त वाटते की त्या घरासमोर मी नेहमी काही क्षण उभा राहतो. तेथे अनेक जण असेच उभे असतात. कोणी दूरच्या जिल्ह्यातून मुलाबाळांसह आलेले असतात, फाटकाला हात लावून नमस्कार करतात आणि मुकाट्याने निघून जातात. पुढे खोदादाद सर्कलला येऊन माझी फेरी संपते. या चौकाला जुनी माणसे दादर टी.टी. म्हणतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. १९६४ सालच्या ३१ मार्चच्या रात्री मुंबईची अखेरची ट्राम बोरीबंदराहून निघाली ती याच दादरला येण्यासाठी. ट्राम गेली, तिच्या थांब्याचे नाव मात्र साऱ्यांच्या तोंडी राहिले. दादरहून जलद गाडी धरली की पाऊण तासाच्या आत मी घरी असतो.

आता दिवाळीची एक आठवण सांगून लेखणी ठेवतो. दक्षिणेकडील घरांत नरक चतुर्दशीच्या पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखतात, ते पाहावे म्हणून मी काही वर्षांपूर्वी पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून अंधारातच माटुंग्यास उतरलो. भाऊ दाजी रस्त्यालगतच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पायरीपाशी, एक मुलगी ओणवी होऊन ठिपक्यांभोवती रेघ फिरवीत होती. चिमटीतून पडणारे पीठ तुटत नव्हते, रेघ कोठेही अडखळत नव्हती, आणि मी काही अंतरावर थबकून पाहत होतो. इतक्यात आतून पांढरे धोतर नेसलेले, कपाळी भस्माचे पट्टे ओढलेले एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. मुलुंडच्या सवयीने मला वाटले, आता तो प्रश्न येणार, आणि मी मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागलो.

ते म्हणाले, "गंगास्नानम् आच्चा?"

मला अर्थ कळला नाही. त्या मुलीने मान वर करून मराठीत सांगितले, "काका, आजोबा विचारतायत, तुमचं अभ्यंगस्नान झालं का? आज आमच्यात सगळे सगळ्यांना हेच विचारतात." झाले, असे मी सांगितले. आजोबांचे समाधान झालेले दिसले. त्यांनी मला पायरीवर बसविले आणि आत कॉफी सांगितली.